दोन्ही कार्डांवर ‘चतुर्गुणित’: कोनफळाच्या एका फसलेल्या संकराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोनफळाचा नवा वाण काढू पाहणाऱ्या एका छोट्या गटाचं आहे. जागा, संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. आम्ही चौघं होतो. संकराचे निर्णय ताईंकडे, रोगांचं काम सरांकडे आणि वेलींची सगळी निगा काकांकडे होती. माझ्याकडे कंदांची प्रत होती: कंद चिरणं, शिजवणं, सुकवून वजन करणं आणि नोंदी ठेवणं.

डायोस्कोरिया, म्हणजे याम, या वंशात सुमारे ६०० जाती आहेत, पण माणूस लागवड करून खातो त्या मोजक्याच. पांढरा याम म्हणजे रोटुंडाटा, पिवळा म्हणजे कायेनेन्सिस, आपलं कोनफळ म्हणजे अलाटा, कणगर म्हणजे एस्क्युलेंटा आणि वेलीवर हवेत कंद धरणारा करांदा म्हणजे बल्बिफेरा. सुरण यात येत नाही. त्याचं कूळच वेगळं, तो अळूच्या नात्यातला.

आमच्याकडे कोनफळाची एक मादी वेल होती. इथे तिला ‘क’ म्हणू. पांढराशुभ्र गर, चिरल्यावर लवकर काळा न पडणारा, शिजल्यावर मऊ पण चिकट न होणारा, आणि सोलायला सोपा, फाटे न फुटलेला कंद. तिचा एकच दोष होता, करपा. कोलेटोट्रायकम बुरशीचा हा रोग पानांवर काळे डाग पाडतो, शिरा काळ्या करतो आणि कोवळे शेंडे जाळतो. कंद भरायच्या आधीच पानं गेली की खाली काही उरत नाही. ‘ख’ हा नर वेल मात्र करप्याच्या ऐन साथीतही हिरवागार उभा राही. त्याचा कंद ओबडधोबड होता आणि गर चिरल्यावर बघता बघता तपकिरी पडे. ‘क’चा कंद आणि ‘ख’ची पानं एकाच वेलीवर आणायची, एवढंच ठरलं होतं.

हे सांगायला सोपं आहे, पण यामच्या पैदाशीत प्रत्येक पायरीला अडथळा आहे. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. अनेक चांगले वाण फुलतच नाहीत. फुलले तरी नर आधी आणि मादी मागून. फुलं इतकी बारीक की परागकण सुईच्या टोकाने ठेवावे लागतात. बोंडाला तीन पंख आणि तीन कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात दोन बिया, म्हणजे सगळं जुळून आलं तरी एका फुलातून सहाच बिया. त्या बिया काही महिने सुप्तावस्थेत राहतात. पहिल्या वर्षी रोपाखाली मिळणारा कंद बोटाच्या पेराएवढा असतो. तो वाढवत वाढवत चाचणीपुरतं बेणं व्हायला पुढची दोन-तीन वर्षं जातात. वाण हाती यायला दहा वर्षं लागली तरी यात कोणाला नवल वाटत नाही. म्हणूनच इथे वाया गेलेला एक हंगाम फार महाग पडतो.

अडचण

पहिल्या हंगामात ‘क’च्या फुलोऱ्यांना उमलण्याआधी पिशव्या बांधल्या आणि ‘ख’चे ताजे पराग रोज सकाळी ठेवले. बोंडं धरली, फुगली, त्यांचे पंख पसरले. आम्ही खूश होतो. बोंडं वाळल्यावर फोडली तर आत बिया होत्या, पण कागदासारख्या. पंख होता, मध्ये भरलेला भाग नव्हता. चिमटीत धरून उजेडात पाहिलं की आरपार दिसे.

इथे पहिला निर्णयाचा क्षण आला आणि तो आम्ही चुकवला. अपयशाचं खापर आम्ही हातांवर फोडलं. पराग शिळे असतील, उन्हाचा तडाखा बसला असेल, सुई लागून फूल दुखावलं असेल, असं एकेकाने सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. दुसऱ्या हंगामात आम्ही तेच काम जास्त काळजीने केलं. परागीकरण पहाटे केलं, प्रत्येक फुलाला दोनदा पराग दिले, वेलींवर सावली धरली. बोंडं पहिल्यापेक्षा जास्त धरली. बिया पुन्हा पोकळ.

खरं तर बोंडं जास्त धरली हीच मोठी खूण होती. हात चुकत असते तर बोंडंच धरली नसती. पराग पोचत होते, बोंड वाढायला लागत होतं, आणि बिघाड त्यानंतर आत कुठेतरी होत होता. पण हे म्हणायला तुलनेसाठी काही हवं होतं. ‘क’च्याच दुसऱ्या फुलोऱ्यावर एखाद्या वेगळ्या नराचे पराग ठेवले असते, तर दोष ‘क’मध्ये आहे, ‘ख’मध्ये आहे की दोघांच्या जोडीत, हे पहिल्याच वर्षी कळलं असतं. अशी तुलनेची एकही जोडी आम्ही ठेवली नव्हती. फुलं कमी होती आणि प्रत्येक फूल ‘खऱ्या’ संकरासाठी वापरावं असं वाटत होतं.

कार्डावरचा शब्द

गाठ सुटायला लागली ती काकांच्या एका वाक्याने. तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला वेली मांडवावर चढवताना ते ताईंना म्हणाले, “ताई, या नराचं पान हाताला जाड लागतं. त्या मादीचं तसं नाही.” ताई थबकल्या. गुणसूत्रांचे संच वाढले की पेशी मोठ्या होतात आणि पानं बहुधा जाड, रुंद होतात, हे त्यांना माहीत होतं. पण हा प्रश्न त्यांनी केव्हाच निकालात काढला होता, कारण संग्रहातल्या दोन्ही वेलींच्या कार्डांवर एकच शब्द होता: चतुर्गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे चार संच असलेली.

त्याच दिवशी त्यांनी दोन्ही वेलींच्या पानांच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर दिला, वाळल्यावर तो सोलून काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. ‘ख’ची पर्णरंध्रं ठळकपणे मोठी आणि विरळ होती, ‘क’ची लहान आणि दाट. हा काही पुरावा नव्हे, पण पुराव्यासाठी नमुने पाठवायला तेवढं पुरेसं होतं. कोवळी पानं बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथे पेशींची केंद्रकं मोकळी करून, त्यांना चमकणारा रंग देऊन डीएनएचं प्रमाण मोजतात आणि त्यावरून गुणसूत्रांची संख्या काढतात. पहिला नमुना वाया गेला, कारण यामच्या पानांतला बुळबुळीत चिकट रस मोजणीत अडथळा आणतो. अगदी शेंड्याची, नुकती उलगडलेली पानं पाठवली तेव्हा आकडे मिळाले. ‘क’ची गुणसूत्रं ४०, ‘ख’ची ८०.

मग दोघांच्या कार्डांवर तोच शब्द कसा? याचं उत्तर या पिकाच्या इतिहासात आहे. यामचा मूळ संच १० गुणसूत्रांचा, असं पूर्वी धरलं जाई. त्या हिशोबाने ४० गुणसूत्रांची वेल चतुर्गुणित ठरते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने डीएनएवरच्या मायक्रोसॅटेलाइट नावाच्या खुणा आईबापांकडून पिल्लांत कशा उतरतात हे तपासलं आणि दाखवून दिलं की कोनफळाचा मूळ संच २० गुणसूत्रांचा आहे. म्हणजे ४० गुणसूत्रांची वेल द्विगुणित, ६० ची त्रिगुणित आणि ८० ची चतुर्गुणित. ‘क’चं कार्ड जुन्या समजुतीच्या काळातलं होतं, ‘ख’चं नव्या. दोन्ही कार्डं आपापल्या जागी बरोबर होती. शेजारी ठेवली की मात्र ती खोटी ठरत होती.

बिया पोकळ का होत्या, तेही मग उलगडलं. बीजात भ्रूणाला पोसणारा भ्रूणपोष असतो. त्यात साधारणपणे आईकडून दोन वाटे आणि बापाकडून एक वाटा येतो. बाप चतुर्गुणित आणि आई द्विगुणित असली की बापाचा वाटा दुप्पट होतो. दोनास एक हे प्रमाण दोनास दोन होतं, भ्रूणपोष नीट बनत नाही आणि भ्रूण उपाशी राहतो. बोंडाला बाहेरून यातलं काहीच जाणवत नाही, ते फुगत जातं.

समोर असलेले पर्याय

आता पाच वाटा दिसत होत्या. त्यांवर आमची जी चर्चा झाली ती या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे, असं मला वाटतं.

सरांचा आग्रह भ्रूण वाचवण्याचा होता. बोंड हिरवं असतानाच फोडायचं, इवलासा भ्रूण काढून पोषक माध्यमावर वाढवायचा. त्यातून त्रिगुणित रोपं मिळतील. त्रिगुणित वेल वांझ निघते म्हणून पैदासकार तिला नाकं मुरडतात, पण सरांचा मुद्दा बिनतोड होता. कोनफळ आपण बियांनी लावत नाही, कंदाच्या तुकड्यांनी लावतो, मग वाण वांझ असला म्हणून बिघडलं कुठे? ताईंचं म्हणणं असं की ती वेल कितीही चांगली निघाली तरी वंश तिथेच थांबेल. तिच्यात राहिलेला दोष पुढच्या संकराने काढता येणार नाही. दोघांचंही खरं होतं. प्रश्न एक वाण हवा की पैदाशीची ओळ हवी, हा होता, आणि तो आम्ही पहिल्या दिवशी स्वतःला विचारलाच नव्हता.

दुसरी वाट म्हणजे ‘क’चीच गुणसूत्रं दुप्पट करायची. काचेतल्या रोपाच्या पेऱ्यांना कोल्चिसीन किंवा ओरायझॅलिन देऊन हे करतात. ताईंना ही वाट मनापासून आवडत होती, कारण कोनफळात चतुर्गुणित वेली बहुधा जास्त जोमदार असतात. पण दुप्पट झालेल्या रोपात जुन्या आणि नव्या पेशींची सरमिसळ राहते, ती अनेकदा पुनःपुन्हा निवडून वेगळी करावी लागते. ती वेल फुलेल का, आणि तिच्या गराची चव ‘क’चीच राहील का, हे आधी सांगता येत नाही. ‘क’ला आम्ही जिच्यासाठी धरून बसलो होतो ती गोष्टच पणाला लागणार होती. मी विरोध केला.

तिसरी वाट संग्रहातच दुसरा बाप शोधण्याची होती. ४० गुणसूत्रांचा, नर, फुलणारा आणि करप्याला बऱ्यापैकी तोंड देणारा. ‘ख’ इतका कणखर मिळणार नाही, हे मान्य करूनच.

चौथी वाट संकर सोडून ‘क’लाच जपण्याची: निरोगी बेणं, वेलींना हवा खेळेल असं अंतर, रोगट पाला काढणं, लागवडीची वेळ बदलणं. पैदास यशस्वी झाली तरी हे करावंच लागणार होतं, म्हणून ते लगेच सुरू केलं. जनुक-संपादनाचाही विषय निघाला, पण नेमकं कोणतं जनुक बदलायचं हे हातात नसताना त्यावर फार बोलण्यासारखं नव्हतं.

निर्णय आणि काम

ठरलं ते असं: मुख्य जोर तिसऱ्या वाटेवर, आणि सरांच्या भ्रूणांसाठी ‘क’चे थोडे फुलोरे राखून ठेवायचे. ताईंनी एक अट घातली. कोणत्याही संकराआधी दोन्ही वेलींची गुणसूत्रं याच हंगामात, एकाच पद्धतीने मोजलेली हवीत.

सरांनी संग्रहातल्या नर वेलींची पानं तोडून ओल्या कागदावर ठेवली आणि त्यांवर बुरशीचे बीजाणू सोडले. डाग किती पसरतो ते रोज मोजलं. या चाचणीत एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. पान एकाच वयाचं हवं, नाहीतर कोवळं पान रोगट ठरतं आणि जुनं पान कणखर. शेवटी दोन नर उरले. त्यातला एक इतका आधी फुले की ‘क’ उमलेपर्यंत त्याचा फुलोरा झडून जाई. दुसऱ्याला आपण ‘ग’ म्हणू.

‘ग’देखील ‘क’च्या आधीच फुलत होता. आम्ही त्याची लागवड तीन आठवड्यांच्या अंतराने तीन टप्प्यांत केली. पण लागवड तीन आठवडे पुढे ढकलली म्हणून फुलोरा तितकाच पुढे जात नाही, कारण दिवसाची लांबीही वेलीला फुलायला लावते. थोडेच दिवस हाती लागले. बाकीची तूट वाळवून थंडीत ठेवलेल्या परागांनी भरून काढली. त्यांनी ताज्यांइतकं काम दिलं नाही, पण काही बोंडं त्यांच्यामुळेच मिळाली. आणि या वेळी तुलनेच्या जोड्याही ठेवल्या: ‘क’वर ‘ग’, ‘क’वर ‘ख’, आणि ‘क’चा एक फुलोरा पिशवीत बांधून कोणतेही पराग न देता.

बोंडं वाळली तेव्हा फोडायला चौघंही हजर होतो. ‘ग’च्या बोंडांत सहाच्या सहा भरलेल्या बिया क्वचितच होत्या. तीन-चार मात्र होत्या, आणि उजेडात धरल्यावर मधला भाग काळसर, घट्ट दिसत होता. ‘ख’ची बोंडं पुन्हा पोकळ. पिशवीतल्या फुलोऱ्यावर बोंडच नव्हतं.

शिजवून पाहण्याची चाचणी

माझ्या कामाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पैदाशीच्या कार्यक्रमांत ते बहुतेक वेळा शेवटी येतं.

कच्च्या यामच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ७० टक्के पाणी, सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकं, दीड ग्रॅम प्रथिनं आणि ४ ग्रॅम तंतू असतात. पोटॅशियम ८०० मिलिग्रॅमच्या वर आणि जीवनसत्त्व क सुमारे १७ मिलिग्रॅम. उकडून पाणी काढून टाकलं की जीवनसत्त्व क १२ मिलिग्रॅमच्या आसपास उतरतं आणि पोटॅशियमही घटतं. जिथे याम हे रोजचं मुख्य अन्न आहे तिथे प्रथिनांचा हा लहान आकडाही मोलाचा ठरतो, कारण खाण्याचं प्रमाणच मोठं असतं. म्हणून ‘कर्बोदकांचा गोळा’ म्हणून या पिकाकडे बघणं मला कधीच पटलेलं नाही.

आमच्या कामाकडे लक्ष ठेवून असणाऱ्यांपैकी काहींना जांभळ्या गराचा वाण हवा होता. जांभळ्या कोनफळात अँथोसायनिन हे रंगद्रव्य असतं आणि ते दिसायलाही मोहक असतं. पण पांढऱ्या ‘क’च्या संकरात रंगाचं उद्दिष्ट मध्येच घुसवलं असतं, तर निवड करायचे गुण वाढले असते आणि मुळात थोडीच असलेली रोपं त्या चाळणीतून गळून गेली असती. तो मोह आम्ही टाळला. या प्रकरणातला हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

गर काळा पडणं हा आमच्यासाठी मुख्य गुण होता. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने गरातल्या फिनॉलांचं रूपांतर करतं आणि तपकिरी रंग येतो. माझी चाचणी साधी होती. कंदाच्या मधल्या भागाच्या सारख्या जाडीच्या चकत्या, पांढरी ताटली, अर्धा तास, आणि दोन फोटो. यावरून सरांनी एक शंका काढली. ‘ख’ रोगाला दाद देत नाही आणि त्याचा गरही काळा पडतो, मग फिनॉलं जास्त असणं हेच दोन्हींचं कारण नसेल ना? तसं असतं तर आमचं उद्दिष्टच आपल्या पायात अडकलं असतं. पण रोग पानावर येतो आणि काळेपणा कंदात दिसतो. एका वेलीवरून असा संबंध जोडणं धोक्याचं होतं. तो ‘क’ आणि ‘ग’च्या पिल्लांतच तपासायचं ठरलं.

निष्पत्ती

बियांची सुप्तावस्था संपल्यावर रोपं उगवली. पहिल्या वर्षाअखेर कुंड्यांतून इवलेसे कंद निघाले आणि इथे आमची दुसरी मोठी चूक झाली. जागा कमी होती, म्हणून अगदी लहान कंदांची रोपं आम्ही काढून टाकली. बीपासून आलेल्या पहिल्या वर्षीच्या कंदाचा आकार पुढच्या उत्पादनाबद्दल फारसं काही सांगत नाही. बी कधी उगवलं, कुंडीत किती माती होती, यानेच तो बराचसा ठरतो. सरांनी हंगामभर पानांच्या नोंदी ठेवल्या होत्या, त्या आम्ही काढून टाकल्यानंतर पाहिल्या. सगळ्यात स्वच्छ पानं असलेली काही रोपं टाकलेल्यांतच होती. ती परत मिळणार नव्हती. त्या संध्याकाळी कोणी फारसं बोललं नाही.

उरलेल्या रोपांचं बेणं २५ ग्रॅमच्या तुकड्यांनी वाढवलं. नायजेरियातल्या उमुदिके इथल्या कंदपिकांच्या संशोधन संस्थेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आलेली ही रीत. साध्या लागवडीत एका कंदातून पुढच्या वर्षी मूठभरच बेणं मिळतं, त्यापुढे हा मोठा आधार आहे. दुसऱ्या पिढीपासून मी प्रत्येक क्लोनच्या, म्हणजे एकाच रोपाच्या कंदापासून वाढवलेल्या वेलींच्या, कंदाच्या चकत्या ताटलीत ठेवल्या, सुका भाग मोजला, उकडून पाहिला. काळेपणा आणि रोगप्रतिकार आमच्या पिल्लांत हातात हात घालून चालले नाहीत. स्वच्छ पान आणि पांढरा गर एकत्र असलेले क्लोन निघाले. रोपं थोडी असल्यामुळे यावरून सगळ्या कोनफळांबद्दल काही म्हणता येणार नाही.

आज तीन क्लोन पुढच्या चाचणीत आहेत. करप्याच्या साथीत ते ‘क’पेक्षा खूप उशिरा पानं टाकतात, पण ‘ख’इतके कणखर एकही नाहीत. एकाची चव ‘क’च्या अगदी जवळ आहे, त्याचा कंद मात्र फाटे धरतो. सरांच्या भ्रूणांपैकी एकच रोप काचेतून मातीत टिकलं. ते त्रिगुणित आहे हे मोजून झालं आहे. वेल जबरदस्त वाढली आहे, अजून फुललेली नाही, आणि खालचा कंद काढायला अजून एक हंगाम आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या पोकळ बोंडानंतर आम्ही दुसरा हंगाम तसाच सुरू केला नसता. आधी एक तुलनेची जोडी, एक पर्णरंध्रांचा ठसा आणि एक डीएनएची मोजणी. या तीनही गोष्टींना मिळून फुलोऱ्याच्या आधीचा मोकळा काळ पुरला असता.

लिंगाचा विचारही उद्दिष्ट ठरवतानाच करायला हवा होता. कोनफळात नराकडे एक्स आणि वाय अशी वेगळी गुणसूत्रं असतात. पांढऱ्या यामात, म्हणजे रोटुंडाटात, उलट आहे, तिथे वेगळी जोडी मादीकडे असते. २०१७ मध्ये रोटुंडाटाचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा हे स्पष्ट झालं आणि कोवळ्या रोपाचं लिंग डीएनएवरून ओळखता यायला लागलं. आमच्या तीन क्लोनपैकी दोन फुलल्यावर नर निघाले, तिसरा फुललाच नाही. ‘क’चे गुण असलेली मादी पुढच्या संकरासाठी हवी असेल तर ती आता आमच्याकडे ‘क’ स्वतःच आहे. रोपं कमी करताना आम्ही नर किती आणि मादी किती हे पाहिलंच नव्हतं.

रोपं काढून टाकण्याचा निर्णय आता एकटा कोणी घेत नाही. पानांची वही, कंदाची वही आणि माझ्या ताटल्यांचे फोटो एकाच टेबलावर ठेवल्याशिवाय कुंडी रिकामी होत नाही. जागा कमी पडली तर छोटे कंद पिशवीत, कोरड्या भुशात, पुढच्या हंगामापर्यंत ठेवले जातात. त्यातले काही सडतात, तरी ठेवले जातात.

संग्रहातली कार्डं बदलण्याचं काम ताईंनी स्वतः केलं. ‘द्विगुणित’, ‘चतुर्गुणित’ हे शब्द त्यांवरून गेले. आता तिथे गुणसूत्रांची संख्या आहे, मोजण्याची पद्धत आहे, तारीख आहे, आणि खाली एका ओळीची मोकळी जागा. ‘ख’च्या कार्डावर त्या ओळीत काकांच्या अक्षरात लिहिलं आहे: पान हाताला जाड.